चार पैसे जास्त मोजायचे, पण कशाच्या भरवशावर?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट देणं थांबवलं. त्याच्या आगेमागे अनेकांच्या संगणकावर सूचना झळकली, की हे यंत्र विंडोज ११ साठी पात्र नाही. ज्यांच्या घरी २०१५-१६ चा लॅपटॉप होता ते बुचकळ्यात पडले. स्क्रीन स्वच्छ, कीबोर्ड धडधाकट, मुलांचा अभ्यास आणि बँकेची कामं नीट चाललेली. मग अडलं कुठे? विंडोज ११ ला साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० नावाची, गुप्त किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा व्यवस्था लागते. यातलं एक नसलं तरी अख्खा लॅपटॉप बाद. जादा वर्षभराच्या अपडेटची सोय मायक्रोसॉफ्टने दिली, विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली टाकून यंत्र चालू ठेवण्याचा मार्गही आहे. पण बहुतेक घरांनी त्यातून एकच अर्थ काढला, की आता नवा घ्यावा लागणार.

समजा, तो लॅपटॉप घेताना दुकानदार म्हणाला असता, "आणखी सहा-सात हजार द्या, काही वर्षांनी फक्त आतला प्रोसेसरचा बोर्ड बदलून घ्या, बाकी सगळं हेच राहील," तर आपण ते पैसे दिले असते का?

हा प्रश्न आज जगभरच्या कंपन्या, सरकारं आणि अर्थतज्ज्ञ विचारतायत. लोक 'हो' म्हणतात की 'नाही', यावर पुढची दहा-वीस वर्षं आपल्या घरात कोणत्या वस्तू येणार आणि उकिरड्यावर काय जाणार हे ठरणार आहे. माझ्या मते उत्तर 'हो' असंच आहे, पण त्याला एक अट आहे आणि ती अट ग्राहकाच्या हातात नाही.

## टिकणारी, दुरुस्त होणारी, वाढवता येणारी

हे तीन गुण बोलताना एकत्र येतात, पण ते वेगळे आहेत. काही वस्तू नुसत्याच टिकतात. काही बिघडतात, पण सहज दुरुस्त होतात, जसा आपला कुकर. त्याची रबरी रिंग आणि व्हॉल्व्ह गल्लीतल्या भांड्यांच्या दुकानात मिळतात, आणि वीस वर्षांपूर्वीच्या कुकरलाही बसतात. तिसरा गुण सगळ्यात नवा आहे. वस्तू बिघडलेली नसते, पण गरज वाढलेली असते किंवा काळ पुढे गेलेला असतो, आणि एखादा भाग बदलून तीच वस्तू त्या काळाच्या बरोबरीला आणता येते. हे अपग्रेड.

आपल्याला हे अगदीच नवं नाही. हार्ड डिस्कवर रखडणाऱ्या लॅपटॉपमध्ये एसएसडी, म्हणजे वेगवान साठवण, आणि जास्तीची रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, घालून घेणं हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर रोजचा व्यवहार आहे. काही हजारांत, नव्या यंत्राच्या किमतीच्या लहानशा हिश्शात, लॅपटॉप आणखी चार वर्षं सुखाने चालतो. अडचण एवढीच, की आताचे बरेच पातळ लॅपटॉप उघडले तर रॅम बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन कायमची जोडलेली दिसते. तिथे कारागीर सहसा काही करू शकत नाही.

## स्लॅबवर सोडलेल्या सळया

गावात नवं घर बांधताना अनेक जण एकच मजला उठवतात, पण पाया दोन मजल्यांचा घालतात आणि स्लॅबवर कॉलमच्या सळया तशाच सोडून ठेवतात. धाकट्याचं लग्न झालं, हातात पैसा आला, की वरचा मजला चढवायचा. पायाला लागलेलं जास्तीचं लोखंड आणि सिमेंट आज कुठेच दिसत नाही, त्यात राहताही येत नाही. तरीही लोक तो खर्च आनंदाने करतात.

अपग्रेड होणाऱ्या वस्तूची जास्तीची किंमत अगदी अशीच असते. आज विकत घेतोय ती उद्याची एक शक्यता. ती वापरली जाईलच असं नाही. पण या घरमालकाकडे काही खात्री असते: जागा त्याची आहे, गावात गवंडी आहे, सिमेंट उद्याही मिळणार आहे, आणि सळयांची मापं ठरलेली आहेत. लॅपटॉप घेणाऱ्याकडे यातली एकही खात्री नसते. पाच वर्षांनी बोर्ड मिळेल का? मिळाला तर कितीला? तो याच सांगाड्यात बसेल का? कंपनी तरी असेल का?

अर्थशास्त्रात 'वाढीव किंमत मोजण्याची तयारी' अशी संज्ञा आहे. एखाद्या गुणासाठी ग्राहक जास्तीत जास्त किती रुपये जास्त देईल, तो आकडा. अपग्रेडच्या बाबतीत हा आकडा गुणापेक्षा भरवशावर ठरतो.

## ज्यांनी ही खात्री द्यायचा प्रयत्न केला

२०१९ मध्ये निरव पटेल यांनी सॅन फ्रान्सिस्कोत फ्रेमवर्क ही कंपनी काढली. २०२१ मध्ये त्यांचा पहिला लॅपटॉप आला. खालच्या बाजूचे मोजके स्क्रू ढिले करून वरचं झाकण उचललं की आतल्या प्रत्येक भागावर नाव आणि क्यूआर कोड. कोड स्कॅन केला की तो भाग कसा काढायचा याची माहिती समोर येते. तो स्क्रू ड्रायव्हरही डब्यातच मिळतो. पण खरी परीक्षा पुढची होती. २०२१ च्या त्या सांगाड्यात बसणारे नवे बोर्ड कंपनीने एकामागोमाग एक आणले, इंटेलच्या पुढच्या पिढ्यांचे, मग २०२३ मध्ये इंटेलची स्पर्धक असलेल्या एएमडीचे, २०२५ मध्ये त्याहून नवे. ज्याने पहिल्या वर्षी यंत्र घेतलं त्याला दिलेला शब्द पाळला गेला. काढलेला जुना बोर्डही फेकावा लागत नाही, छोट्या पेटीत घालून तो स्वतंत्र संगणक म्हणून चालतो.

फोनमध्ये हेच काम ॲमस्टरडॅमची फेअरफोन ही कंपनी २०१३ पासून करतेय. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या फेअरफोन ५ चं मागचं कव्हर नखाने निघतं, बॅटरी हाताने उचलता येते, स्क्रीनपासून चार्जिंग पोर्टपर्यंतचे भाग एकाच साध्या स्क्रू ड्रायव्हरने बदलता येतात. सॉफ्टवेअरला आठ वर्षं आधार देण्याचा शब्द कंपनीने दिला. त्यासाठी तिने नेहमीच्या मोबाइल चिपऐवजी औद्योगिक यंत्रांसाठीची चिप निवडली, कारण अशा चिपला तिची निर्माती कंपनी जास्त वर्षं साथ देते. ही निवड मला फार महत्त्वाची वाटते. अपग्रेड म्हणजे नुसते स्क्रू नव्हेत. चिप बनवणाऱ्यापासून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यापर्यंत सगळी साखळी तितकी वर्षं जागेवर राहावी लागते.

आणि किंमत? युरोपात ६९९ युरो. त्याच पैशात त्याहून वेगवान चिपचा आणि सरस कॅमेऱ्याचा दुसरा फोन येत होता. म्हणजे इथे ग्राहकाला खरोखरच जास्त पैसे मोजावे लागतात, नुसता मनाचा मोठेपणा पुरत नाही.

## सर्वेक्षणात 'हो', गल्ल्यावर 'नाही'

पीडब्ल्यूसी या सल्लागार कंपनीने २०२४ मध्ये ३१ देशांतल्या वीस हजारांहून अधिक ग्राहकांना विचारलं. शाश्वत पद्धतीने बनवलेल्या वस्तूंसाठी सरासरी ९.७ टक्के जास्त पैसे द्यायची तयारी लोकांनी सांगितली. आता दुसरा आकडा बघा. जगात वर्षाला एक अब्जाहून जास्त स्मार्टफोन विकले जातात. फेअरफोनचे त्यातले वर्षाला लाखभर.

म्हणून लगेच 'लोक ढोंगी आहेत' असा निष्कर्ष काढू नये. तो सोपा आहे आणि चुकीचाही आहे. एक तर सर्वेक्षणात 'हो' म्हणायला खिशात हात घालावा लागत नाही, त्यामुळे तोंडी आकडा नेहमीच फुगलेला असतो. पण त्यापेक्षा मोठी कारणं दोन आहेत आणि दोन्हीचा अर्थतज्ज्ञांनी सुमारे पन्नास वर्षांपूर्वीच छडा लावलाय.

पहिलं कारण माहितीचं. अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर निबंध लिहिला. गाडी चांगली की खराब हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. त्यामुळे घेणारा सगळ्याच गाड्यांना मधली किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात आणि खराब तेवढ्या उरतात. या कामासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल मिळालं. आता दुकानातल्या दोन वॉशिंग मशीनसमोर उभे राहा. कुठलं बारा वर्षं चालेल आणि कुठल्याचा पंप चौथ्या वर्षी मिळेनासा होईल, हे बाहेरून कळायला काही मार्ग आहे का? नाही. मग शहाणा ग्राहक रंग, किलो आणि ऑफर बघतो. कळत नसलेल्या गोष्टीला पैसे न देणं हा व्यवहारच आहे.

दुसरं कारण आज आणि उद्याच्या पैशाचं. अमेरिकी अर्थतज्ज्ञ जेरी हाउसमन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या लोकांनी खरोखर विकत घेतलेल्या एसीचा अभ्यास केला. वीज वाचवणारा महाग एसी आणि वीज खाणारा स्वस्त एसी यांत लोक निवड कशी करतात, हे पाहून त्यांनी हिशेब मांडला. उद्याच्या बचतीला लोक आज इतकी कमी किंमत देत होते, की जणू त्यांच्या मनातला व्याजदर वर्षाला सुमारे २० टक्के होता. कमी उत्पन्नाच्या घरांत तो याच्या कितीतरी पट वर होता. गरिबाला बचत नकोशी नसते. त्याच्या हातात आज ते जास्तीचे पैसे नसतात, आणि उसने घ्यायचे तर महाग पडतात.

ही माहितीची भिंत पाडली तर काय होतं? युरोपीय आयोगाने २०१८ मध्ये एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष जाहीर केले. खरेदीच्या वेळी वस्तू किती वर्षं टिकेल हे स्पष्ट लिहून दाखवलं, तेव्हा सगळ्यात टिकाऊ पर्याय निवडण्याची शक्यता जवळपास तिप्पट झाली. दुरुस्तीची सोय लिहून दाखवली, तेव्हा त्या बाबतीतला सर्वोत्तम पर्याय निवडण्याची शक्यता दुपटीहून वाढली. माणसं तीच होती, फक्त चिठ्ठी चिकटवली होती.

## पंख्याचा हिशेब

आपल्या घरातलं उदाहरण घेऊ. साधा छताचा पंखा पूर्ण वेगात साधारण ७५ वॉट वीज घेतो. बीएलडीसी, म्हणजे चुंबकाच्या आणि इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या जोरावर फिरणाऱ्या मोटरचा पंखा, तेवढाच वारा ३० वॉटच्या आसपास देतो. फरक ४५ वॉटचा. दिवसाला १२ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर १६२ युनिट वाचतात. युनिटला ८ रुपये धरले, तरी वर्षाला जवळजवळ १,३०० रुपये. दोन्ही पंख्यांच्या किमतीतला फरकही साधारण तेवढाच. म्हणजे वर्षभरात जास्तीचे पैसे वसूल, पुढची सगळी बचत आपली.

इथे लोक जास्त पैसे मोजतात का? मोजतात, आणि दरवर्षी आणखी मोजतायत. कारण बचत मोजता येते, दर महिन्याच्या बिलात दिसते, आणि पंख्याच्या खोक्यावर तारे छापलेले असतात. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना हे तारांकन सक्तीचं झालं.

पण याच पंख्याची दुसरी बाजू बघा. साधा पंखा हळू फिरायला लागला की इलेक्ट्रिशियन स्टुलावर चढतो, वरची वाटी खाली सरकवतो, दोन वायरी सोडवून नवा कंडेन्सर बसवतो. दहा मिनिटांचं काम, कंडेन्सर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, आणि तो जवळपास कुठल्याही कंपनीच्या पंख्याला चालतो. वाइंडिंग जळलं तर रिवाइंडिंग करून देणारा तालुक्याच्या गावी असतो. बीएलडीसी पंखा बंद पडला की बहुतेक वेळा गेलेलं असतं ते आतलं सर्किट, आणि ते कंपनीगणिक, कधीकधी मॉडेलगणिक वेगळं असतं. वॉरंटी संपलेली असेल आणि ते सर्किट मिळालं नाही, तर चांगली मोटर, चांगली पाती आणि चांगलं बेअरिंग असलेला पंखा भंगारात जातो.

एकाच वस्तूत वीज वाचवण्याचा गुण वाढला आणि दुरुस्त होण्याचा गुण घटला. खोक्यावर तारे फक्त पहिल्या गुणाचे आहेत. जो गुण छापला त्याला लोकांनी पैसे दिले, जो छापला नाही त्याला कंपनीनेही भाव दिला नाही.

## फोनचं गणित उलटं आहे

पंख्याचं पर्यावरणाचं ओझं मुख्यतः तो चालताना पडतं, म्हणून जुना वीजखाऊ पंखा बदलणं योग्यच. स्मार्टफोनचं तसं नाही. त्याच्या आयुष्यभरातल्या कार्बन उत्सर्जनाचा बहुतांश भाग, उत्पादकांच्याच अहवालांप्रमाणे तीन चतुर्थांशाहून जास्त, तो बनतानाच होऊन गेलेला असतो. खाणीतून धातू काढणं, चिप घडवणं, पडदा बनवणं. आपण चार्जिंगला जी वीज वापरतो ती त्यापुढे किरकोळ. त्यामुळे फोनच्या बाबतीत पर्यावरणासाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हातातला फोन आणखी दोन-तीन वर्षं वापरणं. 'नवा फोन जास्त हिरवा' ही जाहिरात म्हणूनच फारशी पटण्यासारखी नाही.

आणि फोन बदलायला लावते ती बहुधा बॅटरी. आताच्या फोनची बॅटरी बदलताना एकदा दुकानात उभं राहून नीट बघा. कारागीर आधी फोनची पाठ गरम करतो, आतला गम सैल व्हावा म्हणून. सक्शन कप लावून काच जराशी उचलतो, फटीत प्लास्टिकची पातळ पट्टी घालून चारही कडांनी हळूहळू फिरवतो. पट्टी थोडी जास्त आत गेली तर आतली केबल कापली जाते. मग बॅटरीखालचा गम. ती वाकली किंवा टोचली गेली तर पेट घेण्याचा धोका असतो. शेवटी पाठ परत चिकटवायची, आणि कारखान्यातून आलेली पाणीरोधक जोडणी पहिल्यासारखी राहीलच असं नाही. इतकी कसबी माणसं आपल्याकडे चौकाचौकांत आहेत ही मोठी संपत्ती आहे. पण त्यांचं कसब वाया जातंय ते मुद्दाम कठीण करून ठेवलेल्या कामात.

युरोपने इथेच पाय रोवला. २० जून २०२५ पासून तिथल्या बाजारात येणाऱ्या स्मार्टफोनला नियम लागू झाले: बॅटरीने ८०० चार्जिंग फेऱ्यांनंतरही किमान ८० टक्के क्षमता धरावी, मॉडेलची विक्री संपल्यानंतरही सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग मिळावेत, विक्री संपल्यापासून किमान पाच वर्षं सॉफ्टवेअर अपडेट मिळावेत, आणि खोक्यावर दुरुस्तीची श्रेणी छापावी. १८ फेब्रुवारी २०२७ पासून आणखी एक नियम लागू होतोय, ज्यानुसार छोट्या उपकरणांतल्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आल्या पाहिजेत. त्यात फार टिकाऊ बॅटरी असलेल्या पाणीरोधक फोनसारख्या काही सवलती आहेत, त्यामुळे सगळेच फोन जुन्या काळासारखे नखाने उघडतील असं समजू नका.

## "पण असे प्रयोग फसले ना?"

फसलेत. गूगलचा प्रोजेक्ट आरा २०१३ मध्ये जाहीर झाला. कॅमेरा, बॅटरी, स्पीकर, सगळं ठोकळ्यांसारखं काढा-घाला. २०१६ मध्ये तो गुंडाळला. प्रत्येक ठोकळ्याला स्वतःचं कवच, स्वतःची जोडणी, त्यामुळे फोन जाड आणि महाग होत गेला. शिवाय रोज कॅमेरा बदलण्याची हौस कुणालाच नव्हती.

यातून हाती लागणारी गोष्ट अशी, की सगळंच बदलता येण्याची गरज नसते. जे भाग आधी थकतात किंवा आधी जुने होतात तेवढे सुटे हवेत. फोनमध्ये बॅटरी, स्क्रीन, चार्जिंग पोर्ट. लॅपटॉपमध्ये त्यांच्या जोडीला रॅम, एसएसडी आणि शक्य तर बोर्ड. फेअरफोन आणि फ्रेमवर्क टिकून आहेत ते याच मर्यादेत राहिल्यामुळे.

आणि सोल्डर केलेला प्रत्येक भाग लबाडीचाच असतो असंही नाही. रॅम प्रोसेसरला चिकटून असली की वेग वाढतो, वीज कमी लागते. खुद्द फ्रेमवर्कने २०२५ मध्ये आणलेल्या डेस्कटॉपमध्ये रॅम सोल्डर केलेली आहे, कारण निवडलेल्या एएमडी चिपला दुसरा मार्ग चालत नव्हता, आणि कंपनीने ते उघड सांगितलं. दुसरीकडे पातळ लॅपटॉपसाठी स्क्रूने बसणारी नव्या पद्धतीची वेगवान रॅमही २०२४ पासून बाजारात आली आहे. म्हणजे तांत्रिक अडचण खरी असते, पण ती कायमची असतेच असं नाही.

## "उद्या भागच महाग झाला तर?"

हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले. 'आता ८ जीबी घेऊ, पुढे वाढवू' असं म्हणून लॅपटॉप घेतलेल्यांना ती वाढ महागात पडली. वरच्या मजल्याच्या वेळी सिमेंट महाग असू शकतं, हे खरंच.

तरीही ज्याच्याकडे मोकळा स्लॉट आहे त्याच्याकडे निवड आहे. तो थांबू शकतो, जुनी रॅम मिळवू शकतो, मित्राच्या बाद लॅपटॉपमधली काढून घालू शकतो. ज्याची रॅम सोल्डर केलेली आहे त्याला त्याच भडकलेल्या बाजारात अख्खा नवा लॅपटॉप घ्यावा लागतो, आणि रॅम त्यातही असतेच.

## "कंपन्या स्वतःच्या पायावर धोंडा का मारून घेतील?"

टिकणारी वस्तू म्हणजे कमी विक्री, ही भीती जुनी आहे. १९२४ मध्ये जगातल्या बड्या दिवे कंपन्यांनी जिनिव्हात एकत्र येऊन फीबस नावाचं संगनमत केलं आणि बल्बचं आयुष्य हजार तासांवर आणून ठेवलं. ज्या कंपनीचा बल्ब ठरल्यापेक्षा जास्त चाले तिला दंड होता. दस्तऐवजांत नोंदलेला इतिहास आहे हा.

पण बाजार एकाच दिशेने जातो असं नाही. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलक्सी एस२४ ला सात वर्षांच्या अपडेटचा शब्द दिला. काही वर्षांपूर्वी दोन-तीन वर्षं म्हणजे पुष्कळ समजलं जायचं. नियमांचा दबाव येतोय, महाग फोन लोक जास्त वर्षं वापरतायत, आणि जुन्या फोनला चांगला भाव मिळाला तर नवा महाग फोन विकणं सोपं जातं. जिथे कंपनीला सुट्या भागांतून, दुरुस्तीतून आणि जुन्या वस्तूंच्या फेरविक्रीतून पैसा दिसतो, तिथे ती टिकाऊपणाकडे वळते.

## "ही पैसेवाल्यांची चैन आहे"

जास्तीची किंमत एकरकमी मागितली तर आहेच. पण आपल्याच देशात याचं उत्तर सापडलंय. २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत एलईडी बल्ब अनेक ठिकाणी वीज बिलातून हप्त्याने मिळाले, आणि खराब झाले तर बदलून मिळण्याची हमी होती. महावितरणच्या केंद्रांवर त्यासाठी रांगा लागल्या. सरकारी कंपनीने एकगठ्ठा खरेदी केल्याने २०१४ मध्ये तीनशेच्या वर असलेली बल्बची घाऊक किंमत २०१६ पर्यंत चाळिशीच्या खाली आली. या योजनेत देशभर ३६ कोटींहून जास्त बल्ब गेले. शाश्वत वस्तू घेण्याची ऐपत नसलेली घरं त्या रांगेत होती. त्यांना पर्यावरणाचं व्याख्यान ऐकवावं लागलं नाही. हप्ता, हमी आणि बिलात दिसणारी बचत या तीन गोष्टी पुरल्या.

आज शून्य टक्के हप्त्यांवर फोन मिळतो, पण तो दर दोन वर्षांनी नवा घ्यायला प्रोत्साहन देणारा. तोच हप्ता पाच वर्षांच्या वॉरंटीला आणि एका बॅटरी बदलाला जोडला, तर कमी उत्पन्नाचं घर सगळ्यात आधी तिकडे वळेल, असं मला मनापासून वाटतं. वस्तू अकाली बाद झाल्याचा चटका त्याच घराला सगळ्यात जास्त बसतो.

## आपल्याकडे काय चाललंय?

फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून स्मार्टफोन, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन आणि गवत कापण्याच्या यंत्रावर दहापैकी दुरुस्तीचे गुण छापणं सक्तीचं केलं. सुटे भाग मिळतात का, कितीला मिळतात, वस्तू उघडणं किती सोपं आहे, माहिती उपलब्ध आहे का, यावरून ते ठरतात.

भारतात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच वर्षी राष्ट्रीय ग्राहक दिनी त्याचं पोर्टल सुरू केलं. २०२४ मध्ये दुसरी समिती बसली, ती दुरुस्ती निर्देशांकासाठी, म्हणजे फ्रान्ससारखे गुण भारतीय वस्तूंवर कसे छापता येतील हे ठरवण्यासाठी. मे २०२५ मध्ये तिचा अहवाल आला. सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून, आणि गुण दुकानात, ऑनलाइन विक्रीच्या पानावर व खोक्यावरच्या क्यूआर कोडमध्ये दिसावेत, अशी त्यात शिफारस आहे. शिफारस आणि सक्ती यांत अंतर असतं, आणि ते लवकर कापलं जावं. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराकडे गेल्याची नोंद आहे. ई-कचरा तयार करणाऱ्या देशांत आपण पहिल्या तिघांत आहोत. बाकीचा कचरा जातो तिथे उघड्या हातांनी, ॲसिडच्या वाफेत, वायरी जाळत माणसं काम करतात.

एका गोष्टीवर मात्र लक्ष ठेवावं लागेल. हे गुण कंपनीने स्वतःच जाहीर करायचे असतील तर त्यांची तपासणी आणि खोट्या गुणांना दंड हवा. सुट्या भागाच्या किमतीला त्यात भरपूर वजन हवं. स्क्रीन मिळते, पण फोनच्या निम्म्या किमतीला मिळते, अशा वस्तूला चांगले गुण मिळाले तर लोकांचा विश्वास पहिल्याच वर्षी उडेल.

## तोवर दुकानात काय विचारायचं?

निर्देशांक येईपर्यंत विक्रेत्याला थेट विचारता येतं. लॅपटॉप असेल तर रॅम सोल्डर केलेली आहे का, मोकळा स्लॉट आहे का, एसएसडी बदलता येते का. फोन असेल तर अपडेट कुठल्या साली संपणार, आणि अधिकृत केंद्रात बॅटरी व स्क्रीन बदलायला आज किती पडतात. हे दोन आकडे फोनच्या किमतीशेजारी लिहून बघितले, की स्वस्त वाटणारा फोन पुष्कळदा महाग निघतो. बीएलडीसी पंखा घेताना वॉरंटी मोटरची आणि सर्किटची वेगवेगळी आहे का ते वाचावं, आणि जवळच्या इलेक्ट्रिशियनला विचारावं की कुठल्या कंपनीचं सर्किट त्याला सहज मिळतं. त्याचं उत्तर कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

विक्रेता 'वॉरंटी संपली की आमच्या हातात काही नाही' म्हणाला, तर जास्तीचे पैसे देऊ नका. पण कुणी सुट्या भागांची मुदत आणि किंमत लेखी देत असेल, तर हजार-दोन हजार जास्त मोजायला हरकत नाही. ते लेखी आश्वासन बिलासोबत जपून ठेवा, कारण तक्रार करायची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन केल्यावर आधी त्याचीच गरज पडते.